बहादूर म्हणजे शूर

रावेतच्या फ्लॅटमध्ये त्या रविवारी सकाळपासून जो कालवा चालला होता, तो ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, कुणाचं लग्न ठरलं का. लग्नबिग्न काही नव्हतं. ओव्हाळांचा फुटबॉलचा संघ फायनलला पोचला होता.

ओव्हाळांचा म्हणजे खरं तर यशोनील इंजिनिअरिंग कॉलेजचा. पण त्या संघाचा कोच सुमेधाचा धाकटा भाऊ ज्ञानेश आणि कॅप्टन तिचा मुलगा ओजस, मग तो संघ आणखी कुणाचा असणार? संध्याकाळी चार वाजता भोसरीच्या मैदानावर सामना. आदल्या दिवशीच तिचे अण्णा आणि आई भोसरीहून सामानसुमान घेऊन येऊन बसले होते, जणू फायनल दिवाणखान्यातच होणार होती. आईनं, म्हणजे रुक्मिणीबाईंनी, पहाटेच उठून बाजरीच्या भाकऱ्यांची चळत लावली होती. एका वेगळ्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते.

"हे कुणाला?" सुमेधानं विचारलं.

"माज्या बहादूरला. मागल्या मॅचला चार खाल्ले त्यानं. लाजतंय लई, पण खातंय."

बहादूर म्हणजे संघातला मिझोरामचा मुलगा. विंगवरून असा पळायचा की प्रेक्षकांच्या माना दुखाव्यात. ज्ञानेशनं त्याचं नाव बहादूर ठेवलं आणि ते सगळ्या कॉलेजच्या, मग सगळ्या ओव्हाळांच्या तोंडी बसलं. सुमेधाला त्याचं खरं नाव माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

ती आनंदानं नुसती उधळली होती. नवरा सदाशिव कंपनीच्या कामासाठी चेन्नईला. त्याला ती दर तासाला फोन करून मटणाच्या रश्श्यापासून ओजसच्या बुटांपर्यंत सगळी बातमी देत होती. एका ओजसनं मात्र सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं. सामन्याचं टेन्शन, असं म्हणून तिनं त्याला एकटं सोडलं होतं.

पानं मांडली तेव्हा ज्ञानेश आणि त्याची बायको योगिनी आले. ज्ञानेशनं बूट काढले नाहीत. तो तसाच आत आला आणि फोन टेबलावर आदळून म्हणाला, "ताई, माझ्यावर वंशभेदाची तक्रार केलीय. माझ्यावर! ज्ञानेश भिवा ओव्हाळवर!"

रश्श्याचा डाव आईच्या हातातच राहिला.

"कुणी?" सुमेधानं विचारलं.

"माझ्याच पोरांनी. मिझोरामचे दोघं, तो टांझानियाचा, आणि आपलीही काही. नावं अजून सगळी दाखवली नाहीत. सकाळी प्राचार्यांना मेल गेला. मी म्हणे बाहेरच्या पोरांना नुसता पळवतो, मधे, डोकं लागतं त्या जागी खेळवत नाही. गोलाची जाळी आणि खांब वाहायला त्यांनाच लावतो. हरलो की 'ह्या लोकांना शिस्त नाही' म्हणतो. कॅप्टन त्यांना कधी करत नाही. आणि..." त्याचा आवाज चिरकला. "आणि त्याला बहादूर म्हणतो, हा गुन्हा!"

"बहादूर म्हणजे काय वाईट आहे?" योगिनी म्हणाली. भोसरीच्या शाळेत मराठी शिकवत असल्यानं शब्दांचा न्यायनिवाडा घरात तिच्याकडेच असायचा. "बहादूर म्हणजे शूर. कुठल्याही कोशात बघा. ताई, वकील करायचा. सोडायचंच नाही."

"प्राचार्य काय म्हणाले?" सुमेधानं विचारलं. चाकणच्या कंपनीत ती एचआरला होती. तक्रारी, खुलासे, चौकशा हेच तिचं रोजचं दळण.

"म्हणाले, सामन्याआधी लेखी खुलासा पाठवा. मुलं बेशिस्त आहेत, सरावाला येत नाहीत, त्याचा राग काढतायत, असं लिहा. बाकी आम्ही मिटवतो. नाहीतर मंगळवारी चौकशी बसेल. आणि चौकशी बसली की माझं कंत्राट संपलंच, ताई. इतक्या वर्षांनी मिळालेला हा संघ गेला."

सुमेधानं लॅपटॉप ओढला. भावावर संकट आलं की तिच्या अंगात वारं शिरायचं. लहानपणी गल्लीतल्या पोरांशी ती त्याच्यासाठी भांडायची, आता लेखी भांडायची, एवढाच फरक. बोटं भराभर चालली. 'सद्भावनेने व प्रेमाने दिलेले टोपणनाव', 'गैरसमजातून निर्माण झालेली तक्रार', 'सदर खेळाडूंची अनुपस्थिती'. वाक्यामागून वाक्य तयार होतं. असे खुलासे तिनं इतरांसाठी कितीदा लिहिले होते.

"ती पोरं खरंच सरावाला येत नाहीत?" मध्येच तिनं विचारलं.

ज्ञानेश खिडकीबाहेर बघायला लागला. "येतात," तो म्हणाला. "सगळ्यांच्या आधी येतात. पण असं लिहावं लागतं ना, ताई. तूच म्हणतेस."

ती हे म्हणत असे, ही गोष्ट खरी होती. तिनं वाक्य तसंच ठेवलं.

"आम्ही कुठून आलो हे काय सांगायचं आता?" ज्ञानेश येरझारा घालत होता. "ट्रायलला मला काय म्हणाले होते? 'कोट्यातला आहेस, बाहेर बसून बघ.' दोन मोसम मी नुसत्या बाटल्या भरल्या. मी भेदभाव करीन? अरे, मी त्याला पोरासारखा वागवतो. आई लाडू करते त्याच्यासाठी!"

"करतेच की!" आईचा जीव भांड्यात पडला, कारण आता तिला बोलण्याजोगं काहीतरी सापडलं. तिनं डाव खाली ठेवला आणि फुशारकीनं सांगायला लागली, "आन् नावाचं काय येवडं? तुज्या बापाला कंपनीत काय म्हनायचे? जयभीम म्हनायचे. 'ए जयभीम, हिकडं ये. ए जयभीम, त्यो ड्रम उचल.' समद्या शॉपमदी. ह्यांनी कंदी तक्रार केली व्हय? कंदी न्हाई. नाव तर चांगलंच हुतं!"

लॅपटॉपवरची सुमेधाची बोटं थांबली. आईनं ते लेकाच्या बाजूनं सांगितलं होतं, मोठ्या विश्वासानं, आणि ते घरात असं पडलं की कुणाला एकमेकांकडे बघवेना.

अण्णा पाटावर बसले होते. भाकरी कुस्करून झाली होती, रस्सा ओतून घ्यायचा होता. त्यांनी हात तसाच ताटावर धरला.

"त्ये जयभीम घालत न्हवते," ते म्हणाले. "हाक मारीत व्हते."

"म्हंजे?" आई म्हणाली.

"जयभीम कुनी घातला की आपुन उलटून जयभीम घालतो. आपोआप त्वांडातून येतो. त्यांनी म्हटलं की मी 'आलो सायब' म्हनायचो. एकदाबी उलटून म्हनावं वाटलं न्हाई." त्यांनी आईकडे पाहिलं, रागानं नाही. "तक्रार न्हाई केली, ह्ये खरं. करायची व्हती. कुनाकडं करायची, त्ये ठावं न्हवतं."

आईचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ती ही गोष्ट नवऱ्याच्या मनमिळाऊपणाचा दाखला म्हणून सांगत आली होती. ओव्हाळांच्या घरात भिंतीवर तसबीर होती, कपाटात पुस्तकं होती, चौदा एप्रिलला दारात रांगोळी होती, आणि हे एवढं मात्र कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"अण्णा, ते वेगळं," ज्ञानेश म्हणाला. पण मघाचा जोर त्यात नव्हता. "ते लोक तुम्हाला कमी लेखायचे. मी तर..."

"मामा," ओजस म्हणाला. "त्या मेलवर पहिलं नाव माझं आहे."

तो दारात उभा होता, एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात. सुमेधाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय?"

"तक्रार मी लिहिली. ते तिघं घाबरत होते. म्हणाले, तू कॅप्टन आहेस, सरांचा भाचा आहेस, तू लिहिलंस तर खोटं म्हणणार नाहीत."

योगिनी उसळली. "म्हणजे घरातच विभीषण! अरे, ह्या मामानं तुला बूट बांधायला शिकवलं! फायनलच्या दिवशीच बरी आठवण झाली तुला न्यायाची?"

"पंधरवड्यापूर्वी मामाला सांगितलं होतं, मामी. मामा हसला. म्हणाला, त्याला आवडतं ते."

"सांगितलं होतंस?" सुमेधानं ज्ञानेशकडे पाहिलं.

ज्ञानेश टेबलावरचा फोन उगाच सरळ करायला लागला.

"आणि कॅप्टन मी का आहे?" ओजस थांबायला तयार नव्हता. "सगळ्यांना माहीत आहे चांगलं कोण खेळतं. मामा म्हणतो, मुलं तुझं ऐकतात. मुलं त्याचं ऐकतात, मामा! मैदानावर मी नुसता नाणं उडवायला जातो."

"माज्या नातवाला कुनी बोलायचं न्हाई," आई एकदम म्हणाली. ही तीच आई, जी घटकेपूर्वी लेकाच्या बाजूनं तलवार उपसून उभी होती. तिनं ओजसचा दंड धरला आणि त्याला अण्णांच्या शेजारी बसवलं. योगिनीचे डोळे भरून आले आणि ती स्वयंपाकघरात गेली. सुमेधा मध्येच राहिली. एकीकडे पोटचा पोर, दुसरीकडे पाठचा भाऊ, आणि मांडीवर पूर्ण झालेला खुलासा. आपला तो बाब्या असं म्हणायचं, तर इथं दोन्हीही बाबे आपलेच होते.

"पाठव, ताई," ज्ञानेश म्हणाला.

"मी लिहिलंय," ती म्हणाली. "पाठवायचं तू. तुझ्या फोनवर टाकलंय."

ज्ञानेश न जेवता उठला.

गाडी सुमेधानं काढली. बाकीचे मागून रिक्षानं येणार होते. शेजारी ज्ञानेश, मागं ओजस. रविवारीसुद्धा स्पाइन रोडला कंटेनरची रांग लागली होती. एरवी ती हॉर्नवर हात ठेवून शिव्या देते. त्या दिवशी मुकाट मागं लागून चालली.

"आजोबांचं तुला माहीत होतं?" शेवटी ज्ञानेशनं मागं न बघता विचारलं.

"नाही."

"मलाही नव्हतं." तो फोन मांडीवर उलटापालटा करत होता. "त्याला खरंच वाईट वाटतं?"

"मामा, त्यांच्या हॉस्टेलच्या गेटवर जो वॉचमन आहे ना, त्याला सगळे बहादूर म्हणतात. त्याच्या आधीच्यालाही म्हणायचे. तो नेपाळचा, हा मिझोरामचा, दोघांच्या गावांमध्ये शेकडो मैल. तोंडावळा बघून एकच नाव. शूर म्हणून नाही कुणी म्हणत. मला म्हणालास कधी बहादूर?"

ज्ञानेशनं मांडीवरचा फोन खिशात घातला.

"त्याचं पूर्ण नाव सांग बघू," ओजस म्हणाला.

"रजिस्टरला आहे."

"तीन वर्षं तू त्याचा कोच आहेस."

"अरे, जिभेवर बसत नाही ते!"

"आणि तुला कुणी ग्यानेश म्हटलं की? भर मीटिंगमध्ये समोरच्याला थांबवतोस. 'ग्या नाही, ज्ञा.' त्या दिल्लीच्या रेफरीकडून चारदा म्हणवून घेतलंस."

सुमेधाला हसू फुटलं. वेळ हसण्याची नव्हती, पण तो रेफरी आणि त्याचा 'द्न्या, द्न्या' करत लाल झालेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिला आवरेना. ओजसही हसला. ज्ञानेशनं दोघांकडे रागानं पाहिलं, मग खिडकीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळानं तो खिडकीलाच म्हणाला, "सांग."

"मालसोमत्लुआंगा."

"मालसोम... तुलंगा."

"त्लु. त्लुआंगा. नुसतं मालसोमा म्हटलं तरी चालतं, मित्र तेच म्हणतात."

"मित्रांनी म्हणावं. मी पूर्ण म्हणणार," ज्ञानेश म्हणाला. आणि भोसरी येईपर्यंत तो यमुनेच्या डोहात अडकल्यासारखा त्या 'त्लु'मध्ये अडकला, बाहेर आला, पुन्हा अडकला. सिग्नलवर शेजारच्या टेम्पोवाल्यानं काच खाली करून विचारलं, भाऊ, काही त्रास होतोय का.

मैदानावर गर्दी जमली होती. ढोल होते, पिपाण्या होत्या, समोरच्या कॉलेजची पोरं अंगाला पिवळा रंग फासून आली होती. यशोनीलचा संघ मात्र गोलाच्या मागं दोन घोळक्यांत बसला होता. एका घोळक्यानं जर्सी घातली होती, दुसऱ्यानं नाही. दुसऱ्या घोळक्याच्या मधोमध मालसोमा बसला होता, बूट बाजूला काढून, अनवाणी.

सुमेधा कठड्यापाशी थांबली. तिथून सगळं दिसत होतं, आणि पोरांनी मोठ्यानं बोलायचं ठरवलेलंच असल्यामुळे ऐकूही येत होतं.

ज्ञानेशनं आधी खिशातून फोन काढला. बराच वेळ तो त्याकडे बघत उभा राहिला. पाठवतोय, सुमेधाला वाटलं. पाठव रे बाबा, असं एक मन म्हणत होतं, आणि दुसरं त्या मनाच्या थोबाडीत मारत होतं. त्याचा अंगठा हलला आणि तिच्या पर्समधला फोन वाजला. त्यानं प्राचार्यांना पाठवलेल्या मेलची एक प्रत तिला आली होती. तिच्या खुलाशातलं एकही वाक्य त्यात नव्हतं. होतं ते एवढंच: 'मुलांची तक्रार खरी आहे. ती सरावाला सगळ्यांच्या आधी येतात. चौकशी जरूर करावी.'

"अरे देवा," सुमेधा म्हणाली. देवाचं नाव तिच्या तोंडी सहसा येत नसे.

ज्ञानेश मुलांसमोर गेला आणि गवतावर बसला. कोच उभा राहतो आणि पोरं बसतात, ही रीत. त्यामुळे पोरं गोंधळली. एकदोघं उठायला लागली.

"मालसोमत्लुआंगा," तो म्हणाला. 'त्लु' जवळपास बरोबर आला.

मुलानं वर पाहिलं.

"मुझसे गलती हुई," ज्ञानेश म्हणाला. त्याचं हिंदी एरवी फर्मानी थाटाचं. आज एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं येत होतं. "नाम की भी, बाकी सब की भी. माफी माँगता हूँ. सब के सामने की थी, इसलिए सब के सामने."

मालसोमा म्हणाला, "सर, मैं कम्प्लेंट वापस नहीं लूँगा."

"मत लेना. मैंने प्रिन्सिपल को लिख दिया है, सच है."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. ओजस पुढं आला. त्यानं दंडावरची कॅप्टनची पट्टी काढली आणि मालसोमापुढं धरली. ती पट्टी सुमेधानंच रात्री इस्त्री केली होती. पण मालसोमानं मान हलवली.

"आज नहीं, भाई. आज लूँगा तो सब बोलेंगे, रो-रो के ले लिया." त्यानं बूट पुढं ओढले. "लेकिन विंग पे नहीं खेलूँगा, सर. तीन साल से बोल रहा हूँ. मैं बीच में खेलता हूँ. आइझॉल में हमेशा बीच में खेला."

"बीच में," ज्ञानेश म्हणाला. "चल, उठ."

मग जे झालं ते सुमेधानं पुढं कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगितलं. मैदानाच्या मधोमध उभा राहून तो मुलगा चेंडू असा वाटून देत होता, जणू पंगतीतला वाढपी. डावीकडे एक, उजवीकडे एक, हा भुकेला, याला आधी. ओजसला त्यानं इतके चेंडू दिले की तो बिचारा धापा टाकायला लागला. पण समोरचा संघही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. विश्रांतीआधीच त्यांनी एक गोल चढवला. पिवळी पोरं नाचली, ढोल फुटायच्या बेताला आले, आणि आईनं रिक्षातून उतरल्यापासून तोंडात धरलेली शिट्टी खाली ठेवून डोक्याला हात लावला.

विश्रांतीनंतर बराच वेळ नुसती घासाघीस चालली. आणि अचानक मालसोमा सुटला. एकाला डावीकडून, एकाला उजवीकडून टाकलं, तिसरा आडवा आला तो आडवाच राहिला, आणि चेंडू जाळीत. गोल! सुमेधानं शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. योगिनी, जी ओजसकडे बघणार नाही अशी शपथ घेऊन आली होती, ओजसचंच नाव घेऊन किंचाळत होती. आणि आईनं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "माजा बहादूर! बहादूर! बहादूर!"

कॉलेजच्या पोरांनी ती लगेच उचलली. घोषणेला शब्द कसा गुटगुटीत लागतो, आणि हा तर तसा होताच. ढोलावर बसला. "बहा-दूर! बहा-दूर!" बघता बघता सगळा गॅलरीचा भाग तालावर उड्या मारायला लागला. मैदानात मुलं मालसोमाच्या अंगावर पडली होती. त्या ढिगाऱ्यातून तो बाहेर आला, आवाज ऐकला, आणि त्याचं हसू थांबलं.

ज्ञानेशनं ते पाहिलं. तो आखलेली रेघ ओलांडून, मैदानाच्या कडेनं, थेट गॅलरीकडे धावत सुटला. "बंद करा!" तो ओरडत होता. "बंद करा ते! नाव घ्या! नाव आहे त्याला!" कुणाला काही ऐकू जाईना. त्याचाच शब्द शेकडो तोंडांतून त्याच्यावर येऊन आदळत होता, आणि तो दोन्ही हात हलवत एकटा उभा होता. पंच मागून शिट्टी वाजवत आला आणि जागा सोडल्याबद्दल त्यानं कोचला पिवळं कार्ड दाखवलं. पिवळ्या पोरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

सुमेधा खुर्चीवर चढली. आयुष्यात ती एवढ्या लोकांसमोर कधी ओरडली नव्हती. "मालसोमा!" ती ओरडली. "माल-सोमा!" योगिनीनं तिच्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि शाळेतला कवायतीचा आवाज लावला, "माल-सोमा!" ढोलवाल्या पोराला नवा ताल कळायला थोडा वेळ लागला. अण्णा काठी आपटत होते.

"काय म्हनायचंय?" आईनं गोंधळून विचारलं.

"मालसोमा, आई! त्याचं नाव!"

"म्हसोबा?"

"मालसोमा!"

"मग आधी सांगायचं की!" आई म्हणाली, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, थोडं चुकत, हाक द्यायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळे नव्हते.

सुमेधाचा फोन थरथरला. ज्ञानेश उचलत नाही म्हटल्यावर प्राचार्यांनी तिला गाठलं होतं. "मॅडम, तुम्ही तरी समजवा त्यांना. तो मेल मागे घ्या म्हणावं. सामना जिंकला तर आम्हाला काही करायचंच नाही." ती खुर्चीवरून उतरली, गर्दीतून वाट काढत कठड्याशी गेली आणि भावाला निरोप सांगितला, शब्दाला शब्द. मोठी बहीण म्हणून तिनं आपलं काहीही त्यात घातलं नाही. ते तिला फार जड गेलं.

"ताई," ज्ञानेश मैदानावरची नजर न काढता म्हणाला, "शिट्टी वाजेपर्यंत मी कोच आहे. फोन ठेव."

तिनं ठेवला.

शेवटचा गोल ओजसचा, पण चेंडू वाढून दिलेला मालसोमाचा. ज्या वेड्यावाकड्या कोनातून तो आला, तिथून तो येईल असं खुद्द ओजसलाही वाटलं नव्हतं. चेंडूच त्याच्या पायावर आपटला म्हणा ना. मग लांब शिट्टी, आणि मग काय झालं ते कुणालाच नीट आठवत नाही. आई मैदानात होती. आईला मैदानात कुणी सोडलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. अण्णा पिवळ्या संघाच्या एका रडणाऱ्या पोराची पाठ थोपटत होते. योगिनीनं ओजसचा कान धरला होता आणि त्याच कानाचा ती पापाही घेत होती.

रीत अशी, की जिंकलेला संघ कोचला खांद्यावर घेतो. त्या दिवशी पोरांनी ज्ञानेशला उचललं नाही. तो बाकापाशी एकटाच बाटल्या गोळा करत होता. सुमेधा त्याच्याकडे निघाली, तेवढ्यात तिच्या आधी मालसोमा तिथं पोचला. गुडघा सोलला होता, जर्सीवर गवत होतं. त्यानं हात पुढं केला. ज्ञानेशनं आपला हात पँटला पुसून मिळवला.

"सर, मंगळवारी इन्क्वायरी आहे," मालसोमा म्हणाला. मराठीत म्हणाला, त्याला मराठी येतं हेही सुमेधाला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. "मी सगळं सांगणार."

"सगळं सांग," ज्ञानेश म्हणाला. "तू काही विसरलास, तर मी आठवण करून देईन."

मालसोमानं मान डोलावली. मग दोघांनी मिळून गोलाची जाळी सोडायला घेतली.